मोज्यांपुरती परंपरा

शेठ, आधी अभिनंदन. हॉटेलं झाली, जमिनी झाल्या, दोन-तीन मंत्र्यांबरोबर फोटोही झाले. फुटबॉल क्लब तेवढा राहिला होता, तोही घेतलात. आता लोक पेढे देतील आणि सल्लेही देतील. पेढे मोजून खा. सल्ला मात्र माझा ऐका, कारण मी त्याचे पैसे घेत नाही. (फुकटचा सल्ला तुमच्या पंगतीत कुणी मनावर घेत नाही, हे ठाऊक आहे. तरी.)

तुम्ही नेमकं काय विकत घेतलंत, ते आधी समजून घ्या. खेळाडू करारावर आहेत, करार संपला की जातील. चषक आधीच्यांनी जिंकलेत. तुमच्या हाती लागलंय ते गिऱ्हाईक, आणि असं गिऱ्हाईक कुठल्याच बाजारात मिळत नाही. साबणाला फेस आला नाही तर माणूस पुढच्या महिन्यात दुसरा साबण आणतो. फुटबॉलचा चाहता मात्र नऊ सामने हरलेल्या संघासाठी दहाव्या सामन्याला पावसात उभा राहतो, कारण त्याचा बापही त्याच कोपऱ्यात उभा राहायचा. तिकीट वाढवा, येतो. चहा महाग करा, शिव्या देतो आणि पितो. शेजारच्या दुकानात तर तो जाऊच शकत नाही. वेल्समधल्या कार्डिफच्या माणसाने हाडवैरी स्वान्सीचा शर्ट घालणं म्हणजे आमच्या कोल्हापुरात, जिथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात, खंडोबा तालमीच्या पोराने पाटाकडील तालमीचा झेंडा खांद्यावर घेणं. त्या रात्री घरात त्याला ताट मिळणार नाही.

मग जो कुठे जाणारच नाही त्याच्याकडे बघायचं कशाला? बघायचं ते जो अजून आलेलाच नाही त्याच्याकडे. दावणीची म्हैस उपाशी ठेवायची आणि बाजारातल्या म्हशीला पेंड चारायची. तुमचे सल्लागार हीच गोष्ट चाळीस स्लाइडांत सांगतील.

पैशाचं टेन्शन घेऊ नका. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तो सुमारे ७९ कोटी पौंडांना. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता, आणि कर्जाचं बरंचसं ओझं आलं क्लबच्याच बोडक्यावर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर असं. पुढे २०१२ मध्ये कंपनी केमन बेटांवर नोंदवली, शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकले. सामने तेवढे अजून मँचेस्टरला होतात, त्याला इलाज नाही. बोधचिन्हावरचे ‘फुटबॉल क्लब’ हे शब्द १९९८ मध्येच, म्हणजे त्यांच्या आधीच्यांनीच काढून टाकले होते. पाटीवरचं ‘किराणा’ खोडलं की दुकानात काहीही विकता येतं.

आता रंगाकडे वळू. नवा मालक घर घेतो तेव्हा आधी रंग काढतो, इथेही तसंच. मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांच्याकडे वेल्समधला कार्डिफ सिटी होता. क्लबचं टोपणनाव ब्लूबर्ड्स, शर्ट निळा, चिन्हावर निळा पक्षी. २०१२ मध्ये टॅनसाहेबांनी शर्ट लाल केला, चिन्हावर भलामोठा ड्रॅगन बसवला आणि पक्ष्याला त्याच्या पायाशी चिमणीएवढा करून टाकला. लाल रंग आशियात शुभ मानतात, तिकडे माल खपेल, असा हिशेब. गंमत म्हणजे लाल शर्टात संघ २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीवर, चढलासुद्धा! पण लोक काही सुधारले नाहीत. स्वतःच्याच संघाच्या सामन्याला निळे स्कार्फ घालून बसायचे आणि आम्ही कायम निळेच, असं गायचे. वर्षभरात संघ खाली उतरला, आणि जानेवारी २०१५ मध्ये शर्ट परत निळा झाला. टॅन यांनी कारण काय दिलं? आपल्या आईने आपल्याला एकोप्याचं आणि आनंदाचं महत्त्व सांगितलं. तेव्हा शेठ, रंगाची ऑर्डर देण्याआधी आईसाहेबांना एक फोन करा. सल्लागारांपेक्षा स्वस्त पडेल.

त्याहून सफाईदार काम ऑस्ट्रियात झालं. साल्झबर्गचा १९३३ सालचा क्लब, रंग जांभळा-पांढरा. तीन वेळा देशाचा विजेता, १९९४ मध्ये यूएफा कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला. २००५ मध्ये रेड बुलने तो घेतला. नाव आपलं, रंग लाल-पांढरा, चिन्हावर आपले बैल. हा नवा क्लब आहे, याला इतिहास नाही, असं सांगून झालं, आणि स्थापनेचं वर्षही २००५ लावायचा प्रयत्न झाला. चाहते काकुळतीला आले. कुठेतरी जांभळा ठेवा हो, म्हणाले. कंपनी काही दगडाच्या काळजाची नव्हती. त्यांनी देऊ केले गोलरक्षकाचे मोजे.

ही युक्ती वहीत लिहून ठेवा, शेठ. परंपरा पार पुसायची नसते. ती सरकवत सरकवत बुटाच्या तोंडाशी न्यायची. गोलरक्षक तसाही सगळ्यांत मागे उभा असतो, आणि गवत उंच असलं तर मोजे दिसतही नाहीत. चाहत्यांनी तेही घेतले नाहीत. कपाळकरंटे! त्यांनी ऑस्ट्रिया साल्झबर्ग नावाने जांभळा क्लब पुन्हा काढला आणि २००६ मध्ये देशातल्या लीगच्या सातव्या पायरीपासून सुरुवात केली. गावकुसाबाहेरच्या मैदानांवर, अख्ख्या अंगात जांभळा घालून.

नाव बदलायचं असेल तर इंग्लंडमधल्या हल सिटी क्लबच्या मालकांची वाट धरू नका. त्यांना ‘हल टायगर्स’ हवं होतं. चाहते म्हणाले, मरेपर्यंत सिटीच. मालकांचं उत्तर साधारण असं होतं, की मग मरा, लवकर मरा. २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने टायगर्सला नकार दिला. मरायला कुणी सांगू नये. नावाच्या पुढे आपलं नाव हळूच जोडावं. हे कोलकात्यात करून दाखवलंय. मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये एक सोडून सगळे अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला. २०२० मध्ये संजीव गोएंकांच्या कंपनीने त्याच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा घेतला, आणि तिचाच एटीके हा सहा वर्षांचा क्लब मोहन बागानच्या नावापुढे येऊन बसला. एटीके मोहन बागान! सहा वर्षांचं पोर एकशे एकतीस वर्षांच्या आजोबांचं पालक म्हणून सही करतंय. ‘रिमूव्ह एटीके’चे फलक तीन हंगाम झळकले. शेवटी १८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर बंगळुरूला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीगचं विजेतेपद आलं, आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं, एटीके जाणार. लोक आनंदाने रडले. मग कळलं की पाठीमागे ‘सुपर जायंट्स’ येणार आहे.

पुणेकरांनो, हा पाहुणा ओळखीचा वाटला ना? २०१६ मध्ये आयपीएलला आपल्याकडे गोएंकांचंच रायझिंग पुणे सुपरजायंट्स होतं. दुसऱ्या वर्षी शेवटचा ‘स’ गळाला, अंतिम सामना मुंबईने एका धावेने काढला, आणि पुण्याचं पुणे राहिलं. सुपरजायंट मात्र लखनौला गेलं, डर्बनला गेलं, कोलकात्यालाही गेलं. तिथेही तो ‘स’ पुढे गळालाच. गावं येतात, गावं जातात, शेठ. आडनाव टिकलं पाहिजे.

गाव बदलायचं म्हटलं तर परदेशात बघायची गरज नाही. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये बालेवाडीत उभा राहिला, २०१९ मध्ये आवरला, आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये चषकही जिंकला. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. तीन शहरं, एक सामान. बालेवाडीत ज्या पोराने पहिला गोल पाहिला, त्याने आता कुठल्या गाडीचं तिकीट काढायचं, हे विचारायला काउंटरच नाही.

इंग्लंडात मात्र हा प्रकार जरा अंगाशी आला. विम्बल्डन हा दक्षिण लंडनचा संघ, १९८८ चा एफए कप विजेता. मालकांना तो मिल्टन कीन्सला न्यायचा होता, नव्वदेक किलोमीटर दूर. मे २००२ मध्ये संघटनेच्या आयोगाने परवानगी दिली. चाहत्यांनी राखेतून नवा क्लब उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्यांच्या निर्णयात म्हटलं होतं. व्यापक हित हा शब्द बघा काय सुंदर आहे! तो निघाला की कुणाची तरी जमीन जाणार, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. चाहत्यांनी काही आठवड्यांत विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवर क्लब लावला. २०११ मध्ये तो वर व्यावसायिक लीगमध्ये आला. २०१८ मध्ये मिल्टन कीन्सवाले लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून, खाली घसरले आणि हे माळरानवाले तिथेच राहिले. २०२० मध्ये ते प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर परतले. या माणसांना फायद्या-तोट्याची काडीची अक्कल नाही. अशा माणसांपासून सांभाळून राहा.

लोकांना विचारल्यासारखं करणंही आवश्यक आहे. लीड्स युनायटेडने जानेवारी २०१८ मध्ये नवं चिन्ह दाखवलं, बिनचेहऱ्याचा माणूस, छातीवर मूठ. दहा हजार लोकांशी बोलून केलंय, म्हणाले. बाकीच्यांना तो छातीत जळजळ होणाऱ्या माणसासारखा दिसला, आम्लपित्ताच्या औषधाच्या खोक्यावर असतो तसा. चिन्ह शर्टापर्यंत पोहोचलंच नाही. ते दहा हजार कोण होते, त्यांना पित्ताचा त्रास होता का, हे गूढच आहे.

आणि एकदम मोठी उडी मारायची तर वेळ रविवार रात्रीची निवडा, १८ एप्रिल २०२१ सारखी. युरोपातल्या बारा क्लबांनी तेव्हा सुपर लीग जाहीर केली. पंधरा जागा कायमच्या राखीव, हरलात तरी खाली जाणं नाही. म्हणजे परीक्षा आहे पण नापास कुणी नाही, फी मात्र पूर्ण. रेआल माद्रिदचे फ्लोरेन्तिनो पेरेस म्हणाले, तरुणांना फुटबॉलमध्ये रस उरला नाही, सामने फार लांबतात. आतल्या गोटात जुन्या चाहत्यांना ‘लेगसी फॅन’ म्हणतात, हेही तेव्हा बाहेर आलं. आपल्या भाषेत, वाडवडिलांच्या घराबरोबर आलेला भाडेकरू. घर पाडायचंय, पण हा निघत नाही.

मंगळवारी संध्याकाळी चेल्सीचा ब्रायटनशी सामना होता. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. माणसं सगळी बाहेर रस्त्यावर, संघाची बस अडवून. क्लबचा जुना गोलरक्षक पेत्र चेक, तेव्हा सल्लागाराच्या हुद्द्यावर, गर्दीत उतरला आणि वेळ द्या, बस सोडा, अशा विनवण्या करू लागला. ज्याच्या नावाने ही माणसं वर्षानुवर्षं ओरडली, तोच आता त्यांच्यासमोर हात पसरून उभा. मालक त्या फुटपाथवर नव्हते. मालक कधीच फुटपाथवर नसतात, त्यासाठीच गोलरक्षक पगारावर ठेवायचा असतो. रात्रीपर्यंत बारांतल्या सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. लिव्हरपूलच्या जॉन हेन्रींनी चित्रफितीतून माफी मागितली. माफीसाठी साधा स्वेटर, मंद उजेड आणि मागे पुस्तकं असा बेत असू द्या. ती चित्रफीत आधीच करून ठेवली तर उत्तम.

‘बरी’ नावाच्या क्लबची गोष्ट तुम्हाला सांगणार नव्हतो. मँचेस्टरजवळचा १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात तो एका पौंडाला विकला गेला. २७ ऑगस्ट २०१९ ला, लीगमधली हकालपट्टी टाळायच्या शेवटच्या दिवशी, शेकडो माणसं झाडू, फडकी, बादल्या घेऊन गिग लेन या क्लबच्या मैदानावर आली. क्लब ऐनवेळी वाचलाच, तर मैदान तयार हवं म्हणून. खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. लष्कराच्या भाकऱ्या. रात्री १२५ वर्षांचं लीगमधलं सदस्यत्व गेलं. खुर्च्या चकाचक होत्या.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये कायदा झालाय आणि स्वतंत्र नियामक बसवलाय. चिन्ह किंवा घरच्या शर्टाचा रंग बदलायचा तर त्या कायद्याने चाहत्यांचं बहुमत लागतं, मैदान विकायचं तर परवानगी. जर्मनीत तर क्लबमध्ये सदस्यांची मतं निम्म्याहून जास्त राहावीत असा नियमच आहे. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकले, चॉकलेटची नाणी फेकली, रिमोटच्या गाड्या सोडल्या. सामने थांबायचे, खेळाडू वाकून बॉल गोळा करायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने नाद सोडला. तेव्हा तिकीट तपासताना खिसेही तपासा. टेनिस बॉल हे अत्यंत घातक हत्यार आहे.

हे सगळं मी परवा शाहू स्टेडियमबाहेरच्या गाड्यावर एका तात्यांना सांगत होतो. तात्या सत्तरीचे. लीगचा एक सामना चुकवत नाहीत आणि संघाच्या सेक्रेटरीला भर रस्त्यात उभा करून जाब विचारतात. आमच्या फुटबॉलमध्ये हुल्लडबाजी आहे, दगडफेक आहे, त्याचं कौतुक नको. पण सेक्रेटरी तात्यांना टाळून तालमीत जाऊ शकत नाही, कारण रस्ता एकच आहे. तात्यांनी मोज्यांपर्यंत सगळं शांतपणे ऐकलं, बशीतला चहा संपवला.

“त्यो युनायटेडचा मालक कुठल्या पेठंतला म्हणालास?”

“कंपनी केमनची, तात्या.”

“ही पेठ रंकाळ्याच्या अलीकडं का पलीकडं?”