उरलेल्या लोकरीचा साधा मफलर

उरलेली लोकर कधी संपत नाही. ती फक्त एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाते. आमच्या पिशवीत स्वेटरमधून वाचलेला निळा गुंडा होता, कुणाच्या तरी बाळाच्या टोपीतला पिवळा होता, आणि मातकट रंगाचा भलामोठा ऐवज होता, जो विकत कुणी घेतला हे घरात कुणीच कबूल करत नाही. या सगळ्याचा एक साधा मफलर करून टाकते, असं मी जाहीर केलं. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आधी टोक शोधायचं. गुंड्याला दोन टोकं असतात म्हणे. पिशवीत वर्षानुवर्षं सुखाने नांदलेल्या लोकरीला एकही नसतं. निळा ओढावा तर पिवळा येतो, पिवळा ओढावा तर सगळंच येतं. गुंता सोडवायला बसलं की घरातला प्रत्येक जण सल्ला देऊन जातो, आणि ‘ओढू नकोस’ म्हणणाराच पलीकडून ओढत असतो.

गुंड्यांवरचे कागद केव्हाच गेलेले. त्यामुळे सुई किती नंबरची घ्यायची, लोकर खरी की अ‍ॅक्रिलिक, सगळं गुलदस्त्यात. यावर एक परीक्षा आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळायचा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते; अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. मी सिंकपाशी हा प्रयोग केला. वास सुटताच सगळे धावत आले आणि आपापले केस चाचपून परत गेले. निकाल असा लागला की पिवळी तेवढी खरी, बाकी सगळं अ‍ॅक्रिलिक. म्हणजे मफलर चुकून गरम पाण्यात पडला तर पिवळे पट्टे आटणार आणि इतर जागच्या जागी राहणार. (गारच पाण्यात धुवा, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. त्यामुळे तो गरम पाण्यात जाणार हे नक्की.)

५ मिलिमीटरची क्रोशाची सुई घेतली, फासात फास ओवत पायाची साखळी घातली, तिच्यावर खांब, म्हणजे उंच उभे टाके, सुरू केले. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची अख्खी रांग सुईवर सांभाळावी लागते. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर. त्यामुळे उसवणं फार सोपं. इतकं सोपं की समोरच्याला ते सुचवताना काही वाटत नाही.

खरी गोम कडेला आहे. ओळ संपली की तीन साखळ्या घालून वळायचं, आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्यांच्याच डोक्यावर घ्यायचा. पण त्या अशा अंग चोरून बसतात की दिसतच नाहीत. मग दर ओळीला एकेक खांब गळतो आणि मफलर त्रिकोण व्हायच्या मार्गाला लागतो. उपाय एकच, मोजत राहणं. आणि मी मोजायला लागले की घराला कंठ फुटतो.

‘‘अठरा, एकोणीस...’’

‘‘अगं, माझा चार्जर पाहिलास?’’

‘‘वीस, टेबलावर, एकवीस...’’

‘‘कुठल्या टेबलावर?’’

‘‘बावीस, आतल्या.’’

‘‘तिथे नाहीये.’’

‘‘मग सोफ्यावर बघ. तेवीस... का बावीस?’’

‘‘राहू दे, सापडला. खिशातच होता.’’

सासूबाई अधूनमधून येतात. विणलेलं दोन बोटांत धरून कडेवरून अंगठा फिरवतात. तो नेमका खांब गळलेल्या जागी थांबतो. ‘‘उसव,’’ एवढंच म्हणतात आणि जातात.

लोकर संपत आली की हात आपोआप भराभर चालायला लागतात, जणू वेगाने विणलं तर ती पुरेल. वास्तविक एक ओळ विणण्याआधी आणि विणल्यावर गुंडा वजनकाट्यावर ठेवला, की ओळीला किती ग्रॅम लागते ते सरळ कळतं. पण वजनकाटा आणायला उठलं की मांजर गुंड्यावर येऊन बसतं, आणि मग वजनाचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो.

विणून झालं की टोकं. प्रत्येक रंगपट्ट्याची दोन, आणि पट्टे भरपूर. बोथट सुईने प्रत्येक टोक आत ओवायचं, थोडं एका दिशेला, मग उलट फिरून, नाहीतर धुतल्यावर बाहेर डोकावतं. हे काम विणण्याहून लांबलं. मान धरली, डोळे चुरचुरले.

शेवटचं टोक कापलं तेव्हा सासूबाईंनी मफलर उलटसुलट करून पाहिला.

‘‘छान झालाय. पण आडवा का नाही विणलास? लांबीभर साखळी घालायची आणि दर ओळीला रंग बदलायचा. सगळे धागे दोन्ही बाजूंना लोंबतात, त्यांचीच झालर होते. काही ओवावं लागत नाही.’’

‘‘आई, हे आधी नाही का सांगायचं?’’

‘‘तू मोजत होतीस ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हटलं, मध्ये बोलू नये.’’