वॉरंट नाही म्हणून झडती बेकायदा? एका फिरत्या संदेशाची तपासणी

विनापरवाना ठेवी गोळा करणाऱ्यांच्या कार्यालयांवर छापे पडू लागले की हा संदेश पुन्हा फिरू लागतो: ‘पोलिस आले तर आधी कोर्टाचं वॉरंट मागा. वॉरंट नसेल तर झडती बेकायदा. स्वतःविरुद्धच्या वह्या द्यायची सक्ती राज्यघटनेने बंद केली आहे. आणि झडती बेकायदा ठरली की जप्त माल परत, खटला रद्द.’ यावर विश्वास ठेवून एखादा कारकून किंवा पिग्मी एजंट दारात आडवा उभा राहतो आणि मालकाच्या आधी तोच अडकतो. दुसरीकडे ठेवीदार ‘केस पडलीच’ म्हणून तक्रार द्यायलाही जात नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘वॉरंट नसेल तर झडती बेकायदा.’

झडती कोणत्या कायद्याखाली चालली आहे, हे या वाक्यात कुठेच विचारलेलं नाही. सगळं तर त्यावरच ठरतं.

रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ४५-एस ने व्यक्ती, भागीदारी संस्था आणि नोंदणी नसलेल्या गटांना ठेवी घेण्याच्या व्यवसायापासून रोखलं आहे. या कलमाच्या भंगासाठी कलम ४५-टी मध्ये झडतीच्या वॉरंटची खास सोय आहे. रिझर्व्ह बँकेचा किंवा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी न्यायालयात अर्ज करतो. अमुक कागदपत्रं अमुक ठिकाणी दडवून ठेवली आहेत असं आपल्याला का वाटतं, हे त्यात मांडतो आणि न्यायालय वॉरंट काढतं. हे वॉरंट कागदपत्रांसाठी असतं. त्याच फेरीत रोकड किंवा सोनं उचललं, तर त्या जप्तीसाठी पोलिसांना दुसरा अधिकार दाखवावा लागतो. तो सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०६ चा असतो. संदेशाचं म्हणणं खरं ठरतं ते इथे, आणि तेही एवढ्यापुरतंच.

अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ मात्र वेगळा आहे. त्याच्या कलम ३१ चं शीर्षकच वॉरंटशिवाय प्रवेश, झडती आणि जप्तीचा अधिकार असं आहे. कोर्टाच्या कागदाऐवजी इथे अटी आहेत. पोलिस ठाण्याच्या प्रभारी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला, तपासासाठी लागणारी वस्तू त्या जागी मिळेल असं मानायला कारण हवं. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. काय शोधायचं आहे ते शक्य तितकं आधी लिहून ठेवायला हवं. वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. अडवणूक झाली तर दार तोडायची मुभा याच कलमात आहे.

रात्रीचं काय? परवानगीची वाट पाहिली तर पुरावा गायब होईल किंवा आरोपी निसटेल असं मानायला कारण असेल, तर अधिकारी ती कारणं लिहून सूर्यास्तानंतरही आत जाऊ शकतो. म्हणजे रात्री दार वाजलं एवढ्यानेच झडती बेकायदा होत नाही. कारणं न लिहिता वाजवलं असेल, तर मात्र हरकतीला जागा आहे.

बँक खात्यांबद्दलही गैरसमज आहे. जप्ती शक्य नसेल तिथे याच कलमाखाली पोलिस बँकेला लेखी आदेश देऊन खातं गोठवू शकतात. पण या कायद्यासाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते ३० दिवसांपुढे गोठलेलं ठेवता येत नाही. ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवण्यासारखी आहे.

‘स्वतःविरुद्धच्या वह्या द्यायची सक्ती नाही.’

अर्धं खरं, आणि म्हणूनच जास्त घातक. उमरेठच्या एका सावकाराच्या खटल्यात (गुजरात राज्य विरुद्ध श्यामलाल चोक्सी) पोलिसांना त्याच्या रोजकीर्द आणि खातेवह्या हव्या होत्या. आरोपीलाच ‘वह्या आणून दे’ असा हुकूम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९४ खाली देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण हुकूम देऊन मागणं वेगळं आणि शोधून काढणं वेगळं. झडती घेणं म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे एम. पी. शर्मा खटल्यात १९५४ सालीच स्पष्ट झालं होतं. कुट्टन पिल्लै खटल्यात १९७९ साली तर आरोपीशी संबंधित जागेचं सर्वसाधारण झडतीचं वॉरंटही टिकलं. तेव्हा ‘मी देणार नाही’ म्हणता येईल, ‘तुम्ही शोधू नका’ म्हणता येणार नाही.

‘झडती बेकायदा ठरली की खटला रद्द.’

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. पूरनमल खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरावा संबंधित असेल, तर झडतीतल्या दोषामुळे तो आपोआप बाद होत नाही. राधा किशन खटल्यातही (१९६३) तेच. फक्त अशा जप्तीकडे न्यायालय जास्त बारकाईने पाहील, एवढी पुस्ती आहे.

कारणं न लिहिता घेतलेली झडती अडवणाऱ्याची सुटका झाल्याचं उदाहरणही आहे: राजस्थान राज्य विरुद्ध रहमान, १९६०. पण झडती बेकायदा होती हे तिथेही नंतर, न्यायालयात ठरलं. दारात उभं राहून ते ठरवायला जाणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा धोका पत्करतो.

तपास खरोखर कोसळतो तो पंचनाम्यात. ‘काही वह्या, काही पावत्या, एक संगणक’ असं लिहिलेला पंचनामा बचावाच्या वकिलाला आयताच मिळतो. ‘निळ्या पुठ्ठ्याची वही, पान १ ते १४३ लिहिलेली, पहिल्या व शेवटच्या पानावर पंचांच्या सह्या, टेबलाच्या उजव्या खणातून’ असं लिहिलं असेल तर ती वही पुढे बदलता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, काय कुठे सापडलं त्याची यादी हवी आणि यादीची प्रत जागेच्या ताबेदाराला द्यायला हवी. कलम १०५ प्रमाणे झडतीचं, यादी तयार होतानाचं आणि त्यावर सह्या होतानाचंही चित्रीकरण करून ते विलंब न करता दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. संगणकाच्या बाबतीत घोळ सहसा एकच होतो: जप्तीनंतर कुणीतरी तो सुरू करून ‘बघतो’. तेवढ्याने फायली बदलतात, डिस्कची हॅश व्हॅल्यू (तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) बदलते आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लंगडं पडतं.

खटला अडकण्याची आणखी एक जागा संदेशाला माहीतच नाही. बँकिंग नियमन कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं, कलम ४७ प्रमाणे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५-एस च्या गुन्ह्यात राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रारही चालते. झडती निर्दोष असली तरी ही तक्रार नसेल, तर त्या कायद्याखालचा आरोप उभा राहत नाही.

मग दारात काय करायचं?

दार उघडा. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ठाणं आणि कायद्याचं कलम विचारून लिहून घ्या. वॉरंट असेल तर त्यावरचा पत्ता नीट वाचा. झडती विशिष्ट जागेपुरती मर्यादित केली असेल, तर ती त्या जागेपुरतीच. हरकत असेल तर ती लेखी नोंदवा. यादीची प्रत मिळाली नाही म्हणून माल गाडीत चढवताना अडवू मात्र नका. प्रत मागितली होती याची नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. ठेवीदारांनी आपल्या मूळ पावत्या पोलिसांना देताना त्यांचे फोटो काढावेत आणि पावती क्रमांकासह पोच घ्यावी.

२०१९ च्या कायद्याखाली झडती झाली असेल, तर अधिकाऱ्याने लिहिलेली कारणं ७२ तासांत बंद लिफाफ्यात विशेष न्यायालयाकडे जायला हवीत. सर्वसाधारण पोलिस झडतीत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे, हीच मुदत ४८ तासांची आहे. दोन्हीकडे जागेच्या मालकाला किंवा ताबेदाराला अर्ज केल्यावर त्याची प्रत विनामूल्य मिळते. त्या लिफाफ्यात काय आहे, तो कोणत्या तारखेला पोहोचला आणि आत कारणं आहेत की नुसतं ‘खात्रीलायक माहितीवरून’ एवढंच लिहिलं आहे, हे तपासायला वकिलाला सांगा.