पोटावर उतरलेलं विमान

27 मे 2017चा एक व्हिडिओ परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर फिरला. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या एअर शोहून परतलेलं सी व्हिक्सन, ब्रिटिश नौदलाचं जुनं जेट, येओव्हिल्टनच्या नौदल तळावरच्या धावपट्टीवर चाकांशिवाय, पोटावर घसरत जातं. हायड्रॉलिक्सने दगा दिला होता. खाली एका दादरकर मित्राचा शेरा: "म्हातारी विमानं उडवायचे लाड कशाला? म्युझियममध्ये ठेवा की!" त्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय.

1963 सालचं हे विमान, उडणारं शेवटचं सी व्हिक्सन. वैमानिक सायमन हारग्रीव्हज यांनी फॉकलंड युद्धात सी हॅरियर चालवलेलं. ते सहीसलामत बाहेर आले. विमान मात्र पुन्हा उडालं नाही.

धोका मलाही कळतो. याच विमानाचा नमुना, डीएच 110, 1952मध्ये फार्नबरोच्या शोमध्ये हवेत फुटला. आतले दोघे आणि 29 प्रेक्षक गेले. 2015मध्ये शोरहॅमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट ए 27 या हमरस्त्यावर कोसळलं, 11 जण गेले. पण चौकशी झाली, अहवाल सगळ्यांसमोर आला, जुन्या जेटच्या कसरतींवर बंधनं आली. उडणं कायमचं बंद केलं नाही.

आणि म्युझियमचं मला सांगू नका. आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांत म्युझियमच होती ना? 1971मध्ये जिच्यावरून सी हॉक विमानं चितगाव, कॉक्स बाजारवर गेली, तिला जपायला पैसे नाहीत म्हणाले आणि 2014मध्ये मुंबईच्या दारुखान्यात तोडायला घेतली. पुढे तिच्या पोलादाची बाइक निघाली, ती ग्रुपवरच्या दोघांनी हौसेने घेतली. तेव्हा कुठे होते हे म्युझियमवाले?

मीही नव्हतोच तिथे. इथे इंग्लंडात, सॉमरसेटमध्ये कौन्सिल टॅक्स भरत होतो. बँक हॉलिडेला मुलांना घेऊन येओव्हिल्टनच्या कुंपणाशी जायचो. तिथे नौदलातून निवृत्त झालेला एक मेकॅनिक भेटायचा, नखांत काळं ग्रीस, हातात थर्मास. व्हिक्सनचं इंजिन सुरू झालं की बोलता बोलता थांबायचा. माझ्या मुलांना त्याने एकेक विमान ओळखायला शिकवलं. ती जुनी विक्रांत त्यांना ठाऊक नाही. मीच कधी सांगितलं नाही, कारण दाखवायला काही उरलेलं नाही. या परक्यांच्या विमानासाठी मी ग्रुपवर भांडतोय ते त्यामुळेच. मित्राला वाटतं, मी गोऱ्यांची बाजू घेतोय.