डोक्यावर मार खाणं म्हणजे सराव नव्हे

ठाण्यात बॉक्सिंग क्लासचं पेव फुटलंय. घोडबंदर रोडला तर दर दोन टॉवरआड एखादी पंचिंग बॅग लटकलेली असते. चांगलंच आहे. मी स्वतः बॉक्सिंग आणि ज्युदो दोन्ही शिकते, पदकाबिदकासाठी नाही, हौस म्हणून. ऐरोलीचं ऑफिस सुटलं की किटबॅग पोटाशी धरून ट्रान्स-हार्बरने ठाणं गाठायचं आणि वार बघून ग्लोव्हज चढवायचे, नाहीतर पांढरा ड्रेस. माझा राग आहे तो ‘हार्ड स्पारिंग’च्या, म्हणजे सरावाच्या लढतीत पूर्ण जोराने ठोसे मारण्याच्या खुळावर.

नवा मुलगा येतो. जॅब-क्रॉस (पुढच्या आणि मागच्या हाताचे सरळ ठोसे) धड येत नाही, गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, सारखा खाली पडतो, आणि तरी त्याला रिंगमध्ये सोडतात. समोर त्याच्याहून चांगलाच जड गडी. बाहेरून पोरं ओरडतात, ‘अरे, मार खाल्ल्याशिवाय शिकणार कसा!’ एकजण मोबाइलवर शूट करत असतो, कारण संध्याकाळी रील टाकायचं असतं. एका जिममध्ये (नाव लिहीत नाही) असाच एकजण फटका खाऊन दोरीला टेकला. मिनिटभराची विश्रांती झाली आणि त्याला पुन्हा उभं केलं. नंतर बाकावर पट्ट्या सोडताना त्याने मला विचारलं, ‘ताई, किती राउंड झाले?’ सांगितलं. पट्टी गुंडाळून होईपर्यंत त्याने तेच पुन्हा विचारलं. तिथले सर म्हणाले, ‘काही नाही हो, सवय होते.’

सवय दंडाला होते, मांडीला होते. मेंदूला कसली होणार? हेडगार्ड आहे ना, असं म्हणणाऱ्यांसाठी: हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कान-गाल वाचतात. कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. पुरुषांच्या मोठ्या हौशी स्पर्धांतून 2013 मध्ये ते काढूनही टाकलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर उघड्या डोक्यानेच लढले. 16 औंसांचे ग्लोव्हज घातले की सगळं सुरक्षित, हीही अशीच एक समजूत.

ज्युदोकडे बघा. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान काढलं, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले फटके आणि घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. लोकांना वाटतं, म्हणजे खेळ मवाळ झाला. उलट आहे. जे उरलं ते पूर्ण ताकदीने, समोरचा खराखुरा विरोध करत असताना, रोज करता येऊ लागलं. त्यालाच रांदोरी म्हणतात.

आणि रांदोरीच्या आधी पडणं. आमच्याकडे नवीन माणूस कितीतरी आठवडे नुसता पडत असतो. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ टेकते त्याच क्षणी हात तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट मॅटवर. हात अंगापासून फार लांब गेला की खांदा बोंबलतो. सर आमच्याकडे पाठ करून उभे असतात आणि कानानेच तपासतात. ‘फट्’ वाजलं तर गप्प. ‘धप्प’ वाजलं की मान न वळवता, ‘परत.’ सर मूळचे साताऱ्याकडचे, लाल मातीतले. सेओई नागे, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन फेकायचा डाव, दाखवतानाही त्यांच्या तोंडून हटकून ‘धोबीपछाड’च निघतं.

हे पडणं अंगात मुरलं की मग माझ्याहून वजनदार माणूस मला पुरत्या जोराने आपटू शकतो आणि मी उठून पुन्हा त्याची कॉलर धरते. गळा आवळला गेला तर दोनदा थोपटायचं, लगेच सुटका. चार मिनिटांत जीव घशाशी येतो. खांदे, गुडघे दुखावतात, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी बोटं कीबोर्डवर वळत नाहीत. पण डोकं ताळ्यावर असतं, आणि माझा पगार डोक्यावर चालतो.

दोन्ही एकत्र शिकण्याची गंमतही आहे. बॉक्सिंगमध्ये मिठी पडली की रेफ्री ‘ब्रेक’ म्हणतो. ज्युदोची सुरुवातच तिथून. आदल्या दिवशी बॉक्सिंग झालं असेल तर मॅटवर मी नकळत तिरकी, डावा पाय पुढे टाकून उभी राहते. समोरची मुलगी तोच पाय झाडून मोकळी होते.

म्हणून माझं मत असं: आपल्यासारख्या हौशी लोकांनी जोर काढायचा तो मॅटवर, बॅगवर आणि पॅडवर. बॉक्सिंगचं स्पारिंग हलक्या हाताने. फक्त जॅब, किंवा फक्त अंगावर, डोक्याला हात नाही. टायमिंग, अंतर, पाय, सगळं त्यातून येतं. आणि त्यात चुकायची भीती नसते, त्यामुळे माणूस नवीन काही करून बघतो. मार चुकवणारा फक्त डोळे मिटतो. कुणाला खरंच स्पर्धेत उतरायचंय, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड काढायचेत, तर जोराचं स्पारिंग लागेल, मान्य. ते मोजकं, बरोबरीच्या वजनाशी आणि नजर ठेवणाऱ्या कोचसमोर.

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, लेकीला कुठे घालू? म्हटलं, आधी ज्युदोला घाल, पडायला शिकू दे. बॉक्सिंगला सोबत पॅडवर येऊ दे. आणि फी भरण्याआधी तासभर कोपऱ्यात बसून बघ. फटका खाऊन कुणी डगमगलं तर कोच राउंड थांबवतो की ‘चल, चल’ म्हणतो? ‘चल, चल’ म्हणाला तर एसी कितीही गार असू दे, उठून ये.