शाळेतील जागा घराच्या खरेदीखतात लिहिलेली नसते

न्यू जर्सीत घर घेऊ पाहणारे मराठी कुटुंब खोल्या, तळघर आणि परसदार पाहण्याआधी एक गोष्ट पाहते, ती म्हणजे त्या पत्त्यावरच्या मुलांना कोणती शाळा मिळते. एडिसनचेच घ्या. टाउनशिप एक आहे, स्कूल बोर्ड एक आहे, प्रॉपर्टी टॅक्सही एकाच तिजोरीत जातो. तरीही जॉन अ‍ॅडम्स आणि वुड्रो विल्सन या मिडल स्कूलमधली (सहावी ते आठवी) मुले पुढे जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हर्बर्ट हूव्हर आणि थॉमस जेफरसनमधली एडिसन हायस्कूलला जातात, आणि जाहिरातीत ‘नॉर्थ एडिसन’, म्हणजे स्टीव्हन्सची हद्द, असे दिसले की आपल्या लोकांची त्या घरासाठी चढाओढ सुरू होते. आमच्या घरीही घर निवडताना शाळेचा विचार झाला होता. आपल्या मुलांचे भले पाहणाऱ्या कोणत्याही आईवडिलांना त्याबद्दल दोष द्यावा, असे मला मुळीच वाटत नाही.

माझा आक्षेप त्यापुढच्या पायरीला आहे. कुठल्याही गावात शाळांच्या हद्दी नव्याने आखण्याचा विषय निघाला की आपल्यातले अनेक जण, एरवी अत्यंत सुजाण असलेले लोक, एकच वाक्य बोलतात: ‘या शाळेसाठी आम्ही जास्त किंमत मोजली आहे.’ किंमत मोजली हे खरे आहे. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांतील प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरे ताडून पाहिली, तेव्हा शाळेचे परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक मोजायला तयार असतात, असे त्यांना आढळले. परंतु ती जास्तीची रक्कम घर विकणाऱ्याच्या खिशात गेली. शाळेला त्यातून काहीही मिळाले नाही. सार्वजनिक शाळेतील जागा त्या व्यवहारात विकली गेलीच नव्हती, कारण ती विकण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. हद्द ही स्कूल बोर्डाने सोयीसाठी आखलेली रेषा आहे आणि बोर्ड ती बदलू शकते.

ही रेषा किती कठोरपणे राखली जाते, हे आपल्या बाजूने सहसा जाणवत नाही. प्रवेशासाठी खरेदीखत किंवा भाडेकरार आणि वीज-गॅसची बिले आपण एका फाइलमध्ये लावून नेतो आणि तो विषय तिथेच संपतो. ज्याचे बिऱ्हाड दर वर्षी बदलते, जो नातेवाइकांच्या घरी एका खोलीत राहतो, ज्याच्या नावावर विजेचे बिलही नाही, त्याच्यासाठी तीच फाइल एक परीक्षा असते. मूल गावाबाहेर राहते असे सिद्ध झाले, तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे त्या काळातील फी दिवसांच्या हिशेबाने पालकांकडून वसूल करता येते. ओहायो राज्यात तर २०११ साली अ‍ॅक्रन शहरातील एका आईला मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वडिलांचा पत्ता दिल्याबद्दल नऊ दिवस तुरुंगात राहावे लागले. तिच्यावरील गंभीर गुन्ह्याचा ठपका पुढे राज्यपालांनी सौम्य केला, पण तुरुंगातले ते दिवस तिला परत मिळाले नाहीत.

आणि पत्ता ही काही निसर्गाने वाटून दिलेली गोष्ट नाही. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने अमेरिकन शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग देऊन तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले. घर कृष्णवर्णीयांना विकू नये अशा खरेदीखतातील अटी न्यायालयांकडून राबवून घेणे १९४८ पर्यंत चालू होते, आणि घराच्या विक्रीत व भाड्यात भेदभाव करण्यास देशभर बंदी घालणारा कायदा १९६८ साली आला. त्यानंतरही गावांनी मोठ्या भूखंडांची सक्ती करून आणि अपार्टमेंट बांधायला परवानगी नाकारून गरिबांना वेशीबाहेर ठेवले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली माउंट लॉरेल खटल्यात ही रीत घटनाबाह्य ठरवली, तरीही परवडणाऱ्या घरांवरून प्रत्येक गावात अजून भांडण होते. २०२४च्या नव्या कायद्यानंतर ते पुन्हा पेटले आहे. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या समाजातून आपण आलो आहोत. ‘कुठे राहता?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची सगळी ओळख लावणे आपल्याला नवीन नाही. म्हणून पत्त्यावरून शाळा ठरवणे हा तटस्थ नियम आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

न्यू जर्सीच्या १९४७च्या राज्यघटनेत सार्वजनिक शाळांमध्ये वर्णावरून वेगळेपणा करण्यास स्पष्ट मनाई आहे. प्रिन्स्टनमध्ये तोवर कृष्णवर्णीय मुलांसाठी विदरस्पून नावाची वेगळी शाळा होती आणि गोऱ्या मुलांसाठी नॅसॉ स्ट्रीटवर दुसरी. दोन्ही वस्त्या जवळजवळ होत्या, तरी नुसती नवी हद्द आखून त्यांची मुले सहज एकत्र आली असती असे नव्हे. जवळच्या शाळेचा नियम लावला असता तर वेगळेपण तसेच राहिले असते. १९४८ साली प्रिन्स्टनच्या स्कूल बोर्डाने वेगळा मार्ग काढला. बालवर्गापासून पाचवीपर्यंतची सगळी मुले नॅसॉ स्ट्रीटला आणि सहावी ते आठवीची सगळी मुले विदरस्पूनला जातील, असे बोर्डाने ठरवले. कोणाच्याही घराचा पत्ता बदलला नाही; पत्त्याऐवजी इयत्तेला महत्त्व आले. ही पद्धत पुढे ‘प्रिन्स्टन प्लॅन’ या नावानेच ओळखली गेली. शाळांतील वर्णभेद देशभर घटनाबाह्य ठरवणारा केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्यातील निकाल त्यानंतर सहा वर्षांनी आला.

मॉरिस काउंटीची गोष्ट याहून अवघड होती, कारण तिथे दोन स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्वतःचे बोर्ड असलेले शाळांचे विभाग, होते. मॉरिसटाउन हे छोटे गाव आणि त्याला चारी बाजूंनी वेढणारी मॉरिस टाउनशिप. टाउनशिपची मुले हायस्कूलसाठी मॉरिसटाउनमध्ये येत. ती काढून घेऊन स्वतःचे हायस्कूल बांधण्याचा बेत टाउनशिपने केला. तसे झाले असते तर मॉरिसटाउनच्या शाळेत मागे राहणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण झपाट्याने वाढत गेले असते. दोन्ही डिस्ट्रिक्टचे विलीनीकरण टाउनशिपमधील बहुसंख्य मतदारांनाही नको होते. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षण आयुक्त असे फुटून जाणे थांबवू शकतात आणि गरज पडल्यास गावांच्या सीमा ओलांडून दोन डिस्ट्रिक्ट एकत्रही करू शकतात. त्यातून मॉरिस स्कूल डिस्ट्रिक्ट जन्माला आला. आज तिथे सहावी ते आठवीसाठी एकच सार्वजनिक शाळा आहे, फ्रेलिंगहायसन मिडल स्कूल. मोठ्या हिरवळीच्या घरातला मुलगा आणि मॉरिसटाउनमधल्या भाड्याच्या घरातली स्पॅनिश बोलणारी मुलगी तिथे विज्ञानाच्या एकाच टेबलावर बसू शकतात.

या निकालानंतर तीनच वर्षांनी, १९७४ साली, केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी उलट दिशा धरली: उपनगरांनी स्वतः दोष केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय शहराच्या शाळांतील वेगळेपण मोडण्यासाठी उपनगरांना सामील करून घेता येणार नाही. त्यामुळे देशभर गावाची सीमा हीच बहुतेक ठिकाणी शाळेची भिंत ठरली. आपल्या राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ६००च्या आसपास, म्हणजे भिंतीच भिंती आहेत. मुलाने आपल्या गावातल्याच शाळेत जावे या नियमामुळे राज्यघटनेचा भंग होतो, असा दावा २०१८च्या मे महिन्यात लॅटिनो आणि कृष्णवर्णीय संघटनांनी राज्यावर लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये ठळक वांशिक असमतोल असल्याचे मान्य केले, मात्र संपूर्ण राज्यव्यवस्थेविरुद्धचा दावा सिद्ध झाला नाही असेही म्हटले. या खटल्याची आपल्या मराठी मंडळींत जवळजवळ चर्चाच झाली नाही, याचे मला दुःख वाटते.

गावागावांतील भिंती न्यायालये आणि विधिमंडळ पाहतील. गावाच्या आतली रेषा मात्र आपल्या हाताशी आहे, आणि तिच्यात बदल करण्याची सर्वांत योग्य जागा मिडल स्कूल आहे असे मला मनापासून वाटते. पाच वर्षांच्या मुलाला घराजवळची शाळा हवी, यात वाद नाही. सहावीत मात्र मूल अकरा वर्षांचे असते, दोन-तीन प्राथमिक शाळांतली मुले तशीही एका मोठ्या शाळेत एकत्र येतात, जुने वर्ग मोडतात, नवे सवंगडी मिळतात. बदल होणारच असतो. तो कोणत्या वस्त्यांना जोडणारा असावा एवढेच ठरवायचे असते. याच वयात गणिताच्या वरच्या आणि खालच्या तुकड्या पडू लागतात आणि आपण कोणत्या गटातले, याचा अंदाज मुले स्वतःच बांधू लागतात. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महानगरांतील गरीब कुटुंबांचा जो अभ्यास केला, त्यात तेरा वर्षांच्या आत कमी गरिबीच्या वस्तीत राहायला गेलेल्या मुलांचे पंचविशीच्या सुमाराचे उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक आढळले. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना असा लाभ दिसला नाही. तो अभ्यास वस्तीचा आहे, एकट्या शाळेचा नाही, हे मी जाणते. तरीही वयाची ही मर्यादा नेमकी मिडल स्कूलच्या उंबरठ्याशी येते.

हद्द बदलली तर शाळा दूर पडेल, हा अंतराचा आक्षेप मी हलका समजत नाही. शाळा दोन मैलांहून दूर असेल तर आठवीपर्यंतच्या मुलांना बस देणे न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. परंतु शाळा सुटल्यावर वाद्यवृंदाचा सराव किंवा फुटबॉल असेल तर उशिरा निघणारी बस पुष्कळ ठिकाणी नसते, आणि ज्या घरात गाडी नाही त्या घरातल्या मुलाची संधी तिथेच बुडते. म्हणून हद्द बदलताना उशिराच्या बसचा खर्च अंदाजपत्रकात आधी धरला पाहिजे, आणि दूर जाण्याचा भार दर वेळी गरीब वस्तीनेच का उचलावा, हा प्रश्नही विचारला पाहिजे. मधल्या वर्षात शिकणाऱ्या मुलांना त्याच शाळेत शिक्षण पूर्ण करू द्यावे. बदल नव्या सहावीपासून लागू करावा.

‘आम्ही एवढा कर भरतो, म्हणून ही शाळा आमची’ या कराच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. इथला प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वाधिक आहे, सरासरी घरामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्याचा मोठा वाटा शाळांना जातो, हे सगळे मान्य. पण तो कर ज्यांची मुले केव्हाच मोठी झाली ते आजी-आजोबाही भरतात आणि भाडेकरूही भाड्यातून भरतात. कर म्हणजे फी असती तर त्यांनाही शाळेत वाटा मागता आला असता. शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच सरकारी शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हाही सारा भरणारे पुष्कळ जण नाराज झाले असतील. त्यांची जयंती आपण इथे परदेशातही श्रद्धेने साजरी करतो, आणि म्हणूनच मला त्यांचे नाव इथे घ्यावेसे वाटले.

ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही त्यांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, पण बोर्डाच्या जाहीर बैठकीत बोलता येते. राज्याच्या कायद्याने बैठकीत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. आपल्या गावात हद्दींचा नवा नकाशा मांडला जाईल, तेव्हा घरांच्या किमतींविषयी बोलायला पुष्कळ जण येतील. आपण तिथे जाऊन तीन गोष्टी विचारूया: प्रत्येक पर्यायात गावातल्या प्रत्येक मिडल स्कूलमध्ये सवलतीचे जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या, मुलांचे प्रमाण किती राहील, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले कोणत्या शाळेत जातील, आणि उशिराच्या बससाठी किती रक्कम ठेवली आहे. ही उत्तरे नकाशासोबत छापील स्वरूपात मिळेपर्यंत बोर्डाने मतदान घेऊ नये, अशी मागणी मी माझ्या गावात करणार आहे, आणि तुमच्यापैकी जे माझ्या गावात राहतात त्यांनी त्या संध्याकाळी सोबत यावे अशी माझी विनंती आहे.