बारा व्होल्टचं कारंजं आणि दुधाची पिशवी

रविवारी मुलुंडला बाबांकडे गेलो, तर त्यांच्या तळमजल्याच्या गॅलरीबाहेर, नव्या कारंज्याच्या कुंडाला लागून, तगरीच्या बुडाशी दुधाची पिशवी दिसली. रबरबँडने आवळलेली. आत कारंज्याचा पंप आणि दिवे चालवणारा जुन्या राउटरचा अडॅप्टर, चालू! "अरे, बाराच व्होल्ट तर आहेत," बाबा म्हणाले आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बारा व्होल्टने शॉक लागत नाही, कुठलाही अडॅप्टर पिशवीत बांधून कुंडाशेजारी ठेवा, वायर कुठलीही चालते, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) असेल तर आरसीसीबी (विजेच्या गळतीवर पडणारा स्विच) म्हणजे पैशांची नासाडी.

बटण बंद करून पिशवी सोडली. दोन दिवस पाऊस नव्हता, तरी आतून थेंब धरले होते. मुंबईच्या दमटपणात बांधलेल्या पिशवीत दुसरं काय होणार? वर अडॅप्टरची उष्णता कोंडते ती वेगळीच.

अहो, बारा व्होल्ट बाहेर पडणाऱ्या वायरीत असतात. प्लगच्या बाजूला पूर्ण 230 आहेत, आणि ओल्या अंगणात तुम्ही नेऊन ठेवले ते तेच. या दोन बाजूंना वेगळं ठेवणारं इन्सुलेशन आत असतं. ते कच्चं निघालं किंवा ओलं झालं, की 230 व्होल्ट त्याच बारीक वायरीने कुंडात उतरू शकतात. एलईडीच्या काही स्वस्त ड्रायव्हरमध्ये (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीत) तर असं इन्सुलेशन मुळातच नसतं. म्हणजे 'कुठलाही अडॅप्टर' हाच या फॉरवर्डमधला सगळ्यात जीवघेणा शब्दप्रयोग.

जलतरण तलाव आणि कारंज्यांसाठी आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकात वेगळा भाग आहे, 702. माणूस पाण्यात उतरतो तिथे तो 12 व्होल्ट एसी किंवा 30 व्होल्ट डीसीपर्यंतच मुभा देतो, आणि पुरवठा 230 व्होल्टच्या बाजूपासून पूर्ण अलग केलेला हवा. तो देणारा ट्रान्सफॉर्मर कुठे? पाण्याच्या काठापासून आडवे 2 मीटर आणि वर 2.5 मीटर या पट्ट्याच्या बाहेर. बाबांची पिशवी काठापासून वीतभर होती.

आता मान्य करतो, कुरकुरत का होईना: अलग केलेले, नीट पुरवलेले बारा व्होल्ट खरंच बरेच सुरक्षित असतात. म्हणूनच तर मानक ते मागतं. फॉरवर्डने अर्धं वाक्य उचललं.

एमसीबीचं काय सांगायचं! 6 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचे स्नायू 10-20 मिलिअँपिअरलाच आखडतात, हात सुटत नाही. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती ओळखून पुरवठा तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण मात्र अधूनमधून दाबून बघा.

वायरीचं गणित उलटं आहे. व्होल्ट कमी म्हणजे अँपिअर जास्त: पंप आणि दिवे मिळून 36 वॉट म्हटलं, तर 12 व्होल्टला 3 अँपिअर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत 15 मीटरवर जवळजवळ 3 व्होल्ट वाटेतच संपतात, आणि नुसते पीळ मारलेले जोड तापतात. बाबांना वाटत होतं पंपच मरतुकडा निघाला.

आता अलग पुरवठ्याचा नवा ट्रान्सफॉर्मर हॉलमध्ये आहे, गॅलरीच्या ग्रिलमधून जाड केबल बाहेर गेली आहे. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. खाली पहिलाच प्रश्न आला, "मग पिशवी दोन पदरी घेतली तर?"