क्यूसा नसेल तर काय करायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'यकृतातला रक्तस्राव कमी करण्याबद्दलचा तुमचा लेख मोठ्या शहरातल्या डॉक्टरांसाठी आहे. आमच्या तालुक्यात क्यूसा (अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी यकृत फोडत जाणारं महागडं यंत्र) नाही, रक्तपेढी दीड तासावर. त्यात सलाइन कमी द्या म्हणता, म्हणजे पेशंटला टेबलावरच मारायचं का?'

क्यूसाचा उल्लेख मी गरजेपेक्षा जास्त केला, हे कबूल. साध्या आर्टरी फोरसेप्सनं (चिमट्यानं) यकृत चिरडत जायचं, उघड्या पडलेल्या बारीक नळ्या कॉटरीनं (विजेच्या चटक्यानं) बंद करायच्या आणि मोठ्या दोऱ्यानं बांधायच्या, ही जुनी पद्धत महागड्या यंत्रांशी तुलना करून पाहिली गेली आहे आणि ती मागे पडलेली नाही. उलट ती स्वस्त आणि वेगवान ठरली.

सलाइनबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. प्रिंगल यांनी 1908 मध्ये सांगितलेली पकड पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी, म्हणजे यकृतात रक्त आणणाऱ्या दोन्ही वाहिन्या, बंद करते. विन्स्लोच्या छिद्रातून (या वाहिन्यांच्या मागच्या फटीतून) बोट घालायचं, टेप किंवा रबरी कॅथेटर फिरवून आवळायचं. 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं मोकळं. तरीही रक्त येत राहिलं तर ते बहुधा यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनमधून उलटं येतं (क्वचित जठराच्या डाव्या गॅस्ट्रिक आर्टरीमधून निघालेली डावी हिपॅटिक आर्टरी असते, ती या पकडीत सापडत नाही). हिपॅटिक व्हेनला झडपा नसतात. वीना कावात (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत) जेवढा दाब, तेवढं रक्त त्या कापातून बाहेर. म्हणून कापणी होईपर्यंत सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरांतला दाब) 5 मिमी पाऱ्याच्या खाली ठेवायचा, म्हणून सलाइन कमी. तो मोजणारी सेंट्रल लाइन नसली तरी वीना कावा बोटाला चपटी, मऊ लागते का हे कळतंच. वरचा रक्तदाब 90 च्या वर, लघवी तासाला 25 मिलि इतकी पुरते. उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ नये म्हणून डोकं थोडं खाली. तुकडा निघाला, रक्त थांबलं, की लगेच पाणी भरून काढायचं. ही उपासमार नाही, तासा-दोन तासांची तंगी आहे.

एक अपवाद आपल्या भागात मोठा: सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळचा पेशंट असेल तर सोल्युबिलिटी या साध्या रक्तचाचणीवर थांबू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. एसएस (वाहक नव्हे, खऱ्या रुग्ण) पेशंटला पाणी तोडणं, थंडी, ॲसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं) यातलं काहीही सोसत नाही. तिथे तुमची भीती शंभर टक्के खरी, आणि लेखात ते यायला हवं होतं.

आता जिथे माझं तुमच्याशी जमत नाही ते सांगतो. ठरवून केलेली मोठी हिपॅटेक्टॉमी (यकृताचा मोठा भाग काढणं) तालुक्यात करूच नये, पण कारण क्यूसा नाही. पाचव्या दिवशी बिलिरुबिन चढलेलं, प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता) 50 टक्क्यांखाली आणि पोटात पित्त साचलेलं, अशा वेळी पेशंटला सोनोग्राफीनं नळी टाकणारा माणूस आणि आयसीयू लागतो. सिरॉसिस (यकृत कडक, खराब झालेलं) असेल तर 40 टक्के यकृत मागे उरलं पाहिजे, आणि ते सीटीवर मोजायला हवं.

तुमच्याकडे येणार तो ट्रॅक्टर उलटून यकृत फाटलेला. त्याला तुम्हीच वाचवाल. आधी दोन्ही हातांनी यकृत दाबून धरा, भूल देणाऱ्याला सावरायला वेळ द्या. मग मॉप (मोठे कापडी बोळे) यकृताच्या वर आणि खाली, सँडविचसारखे. फाटीच्या आत कोंबले तर फाट वाढते. फार ठासले तर वीना कावा दबून बीपी कोसळतो. तेव्हा एक काढून बघा. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखायचं औषध) अपघातात पहिल्या 3 तासांत 1 ग्रॅम, 10 मिनिटांत द्या. ठरवून केलेल्या यकृत शस्त्रक्रियेत मात्र ते रक्तस्राव कमी करत नाही, हे 2024 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. फक्त कातडी शिवा, पेशंट गरम ठेवा आणि नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवा. चिठ्ठीवर आत किती मॉप आहेत आणि किती वाजता ठेवले ते ठळक लिहा. तिथला सर्जन ते साधारण दोन दिवसांत काढेल आणि त्याला मोजायला दुसरा आधार नसेल.